शिक्क्याची शपथ

१४ जमादिलाखर

तोफेचा गोळा शेजारच्या पेरीच्या भाकरीच्या भट्टीवर पडला! धुराडं गेलं, भिंत गेली, कणकेची परात रस्त्यावर. पेरी पांढरीफटक — भीतीनं नाही, पिठानं — गच्चीत उभी राहून शहानं नेमलेल्या हाकिमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तिचा नवरा इमामवेर्दी खालून ओरडतोय, "अगं उतर, दुसरा येईल!" ती म्हणे, "येऊ दे, माझं झालं नाही अजून."

आणि आमच्या बैठकीच्या खोलीत? मतदान! हाकिमाच्या गोळीला गोळीनं उत्तर द्यावं की नाही, यावर. ठरावाला अंजुमनचे, म्हणजे आमच्या नगरसभेचे, सात सभासद लागतात, आले सहा. सातवे वकीलसाहेब तळघरात. मिर्झा टेबलाशी बसून चष्मा पुसतोय — "नियम आपणच मोडले तर शहात आणि आपल्यात फरक काय राहिला?" नवरा म्हणून मिळाला तोही हा! एवाझ दारात उभा, खांद्यावर बंदूक, बुटाला चिखल. माझा भाऊ. आम्ही नालबंदाची पोरं; पण वरच्या मोहल्ल्यातले बंदुका उचललेले सगळे फिदाई आज त्याच्या शब्दावर उठतात-बसतात. तो म्हणाला, "मिर्झा, तुमचा सातवा वर येईपर्यंत माझे सात खाली गेलेले असतील!"

पडद्याआड मी हसले. मग रडूच आलं. तेहरानात शहानं लोकांनी निवडलेल्या मजलिसवर तोफा लावल्या, आणि इथला हाकिमही फिरला. हाच मेला परवापर्यंत आमच्याकडे बसून 'मशरूता जिंदाबाद' म्हणत चहा ढोसत होता! मशरूता, कायद्याचं राज्य, आलं आलं म्हणेस्तो गेलं. ते जाऊ दे. माझं मागणं एवढंच — हे दोघं राहू देत. दोघंही. एक देऊन एक नको.

१५ जमादिलाखर

ठराव झाला. वकीलसाहेबांना तळघरातून बखोटीला धरून वर आणलं. 'स्वसंरक्षणार्थ गोळी चालवण्यास हरकत नसावी.' एवाझचे लोक कालपासून चालवतायतच.

१९ जमादिलाखर

पाणी तोडलं हाकिमानं. अंगणातली विहीर आहे म्हणून बरं. सगळ्या आळीच्या बायका घागरी घेऊन दारात. भांडणं, कोपरखळ्या, एकीनं दुसरीच्या डोक्यात घागर घातली.

दुपारी फिदायांनी हाकिमाचा एक घोडेस्वार जिवंत पकडला. आमच्याच गल्लीतून ओढत नेला. कोवळा होता, ओठावर मिसरूड नीट फुटलेलं नव्हतं. मिर्झा अनवाणी धावला मधे. "हा कैदी आहे! कैद्याला हात लावायचा नाही!" एवाझ म्हणाला, "काल यांनी आमच्या हसनचे डोळे काढले, ते कुठल्या कलमाखाली?" मिर्झा म्हणाला, "म्हणूनच." बस्स. म्हणूनच! दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मागच्यामागे कुणीतरी त्या पोराचा गळा चिरला आणि प्रश्न मिटवला. रक्त आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं. मी राख टाकली.

मिर्झा जेवला नाही. मला म्हणतो, "तूबा, एक दिवस हीच माणसं आपल्याला निवडून देणार आहेत." मी म्हटलं, आधी जगू तर द्या.

२३ जमादिलाखर

भाकरी नाही. वाळवलेल्या जर्दाळूंवर दिवस काढतोय. तोफ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा — बांगीसारखी.

आज उगाच आठवत बसले. लग्न झालं तेव्हा मला अलिफ म्हणजे काठी वाटायची. मिर्झानं हात धरून गिरवायला शिकवलं. सासूबाई म्हणायच्या, बाईला लिहिता आलं की ती यारांना चिठ्ठ्या लिहिते. मिर्झा म्हणाला, "लिहू दे की, व्याकरण तरी सुधारेल." असा माणूस. त्याच्या शाळेत मुलांच्या पायांच्या तळव्यांवर छडी चालत नाही — अख्ख्या शहरात तेवढी एक शाळा. त्याच्यावर रागावते मी दिवसातून दहादा. पण तो नसला की घर घर वाटत नाही, हे इथं लिहून ठेवते. त्याला सांगायची नाही.

२६ जमादिलाखर

हाकिमानं कुराण पाठवलं!

रेशमी रुमालात. आतल्या कोऱ्या पानावर त्याच्या हातची शपथ आणि खाली शिक्का — हत्यारं ठेवून बाहेर या, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही, अंजुमनही तेहरानचा निकाल येईपर्यंत चालू राहील. फिदाई ठाण मांडून बसलेत त्या मुसाफिरांच्या सराईत त्यांची बाचाबाची झाली. एवाझ म्हणाला, "याचा शब्द? लांडग्यानं मेंढरांची हमी घ्यावी तसं!" पण इमामवेर्दी म्हणाला, "शब्द कुठंय एवाझ? शिक्का आहे. अल्लाच्या कलामावर शिक्का मारून खोटं कोण करेल? त्यालाही मरायचंय एक दिवस." बरेचजण इमामवेर्दीकडे झाले. घरी पोरं उपाशी, काडतुसं संपत आलेली.

शेवटी ठरलं: मिर्झानं ते कुराण स्वतः डोक्यावर घेऊन सराईच्या दाराशी उभं राहायचं. तरच येऊ. मिर्झा आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही, असं एवाझच म्हणाला.

मिर्झा घरी आला तो खुशीत. उद्याचं भाषण मनात चाललेलं.

मी विचारलं, "तुम्ही मानता?"

"काय?"

"ते. शपथ, शिक्का."

चष्मा काढला त्यानं. "तूबा, तू मला ओळखतेस. माझ्या मानण्याचा प्रश्न नाही. ते मानतात. सगळं शहर मानतं. अशा शहरात हाकिमाला शपथ मोडून तोंड दाखवता येणार नाही. याला लोकमत म्हणतात. मोठमोठे राजे त्याला भितात."

"हाकिमाला तोंड दाखवायचंय कुणाला?"

हसला. "वाद तू फार छान घालतेस."

"मग त्यांना तसंच सांगा. मी मानत नाही, पण मला असं असं वाटतं."

"सांगितलं तर ते बाहेर येतील का?"

 सकाळी नमाजाआधी करतात तसा वजू करून निघायचं म्हणाला. लोकांना बरं वाटतं म्हणे.

२७ जमादिलाखर

 सगळं लिहून ठेवते.

मी आणि पेरी गच्चीत होतो. सराईच्या दाराशी दगडावर मिर्झा उभा, दोन्ही हातांनी कुराण वर धरलेलं. एकेक जण बंदूक ढिगावर ठेवी, पुस्तकाचं चुंबन घेई, त्याच्याखालून मान वाकवून बाहेर पडे. इमामवेर्दी तिसरा की चौथा. पेरी म्हणाली, "बघ, माझाच मेला सगळ्यात घाईत!" — हसत म्हणाली. एवाझ शेवटी. थांबला. मिर्झा काहीतरी बोलला त्याच्याशी, ऐकू आलं नाही. मग त्यानंही चुंबन घेतलं आणि वाकला.

तुतीच्या बागेकडून घोडेस्वार आले. एकही गोळी नाही सुरुवातीला. नुसत्या तलवारी. हात नसलेला एकजण पळत होता आणि त्याला ते कळलेलं नव्हतं. पेरी ओरडायची थांबली होती, नुसतं तोंड उघडं. एवाझनं एका घोड्याचा लगाम धरून स्वाराला खाली खेचला, मानेवर वार खाल्ला, गिरणीच्या पाटात उडी टाकली. पाणी लाल झालं. वर आलेला मला दिसला नाही.

मिर्झा तसाच दगडावर! कुराण वर धरून ओरडतोय — "शपथ! शपथ!" एक स्वार उतरला. त्यानं पुस्तक त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं, डोळ्यांना लावलं, रुमालात नीट गुंडाळलं, घोड्याच्या खोगिरात ठेवलं. मग वळून मिर्झाच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता घातला.

२९ जमादिलाखर

जिवंत धरले त्या सगळ्यांना बाजारात फाशी. इमामवेर्दीला त्याच्याच भट्टीच्या दारावर. पेरीला खाली बसवून ठेवलं आणि उठू दिलं नाही.

एवाझ त्यांच्यात नाही. प्रेतांतही नाही म्हणतात. मिर्झा किल्ल्यात आहे.

३ रज्जब

मिर्झाला सोडला. गाढवावर टाकून आणला. आधी चौकात, शाळेच्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून, त्याच्या तळव्यांवर छड्या मारल्या — पाय दांडक्याला बांधून, जसं मुल्लांच्या मदरशात करतात तसं. पोरांना मोजायला लावलं म्हणे. तळवे राहिलेच नाहीत. नुसतं मांस. मी अंड्याचा बलक आणि हळद लावते, तो दातांत उशी धरतो.

आज बोलला. हाकिमानं त्याला आत बोलावून चहा दिला होता. वर म्हणाला, "मिर्झा, तुम्ही तर हे मानत नाही असं ऐकतो. मीही फारसं मानत नाही. मग मोडलं तर तुम्हाला एवढा राग कशाचा?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही," मिर्झा म्हणाला. मग उशी बाजूला सारून, "तो खरं बोलत होता, तूबा."

मी त्याच्या पायाला पट्टी बांधत होते. जरा जोरातच आवळली.

११ रज्जब

पेरी आली. दारातूनच. आवाज बसलाय तिचा, शिव्या देणारा तो आवाज राहिला नाही. म्हणाली, "विचार तुझ्या नवऱ्याला, माझा माणूस त्या पुस्तकाखाली वाकला तेव्हा याच्या स्वतःच्या मनात काय होतं?" मिर्झा आतल्या खोलीत, सगळं ऐकत होता. बाहेर आला नाही.

मी म्हटलं, "पेरी, त्यालाही फसवलं गं." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग थुंकली आणि गेली. मी खोटं बोलले का? मला नाही वाटत. मला नवरा हवा आहे. बस.

२ शाबान

हाकिमाचा हुकूम: शाळा उघडा, भिंतीवर शहाची तसबीर लावा. मला वाटलं, हा आता नाही म्हणेल आणि पुन्हा गाढवावर येईल. पण हा तयार! गुडघ्यांवर चालत फळ्यापर्यंत जातो. "मुलांची वर्षं वाया जाता कामा नयेत. आज ही मुलं घडवली तर वीस वर्षांनी—" मी म्हटलं, "वीस वर्षांनी तुमचे पाय बरे झाले तरी पुष्कळ." मग आपलीच जीभ चावली.

गल्लीत त्याला आता 'मिर्झा मेंढरू' म्हणतात. पोरंसुद्धा.

२० शाबान

एवाझचा पत्ता नाही. मी कुणाला विचारत नाही. विचारलं आणि कुणी सांगितलंच तर?

९ रमजान

जिवंत आहे!! या अली! जिवंत आहे!

तबरेझहून आलेल्या खेचरवाल्यानं पाणी मागायच्या निमित्तानं सांगितलं. मानेवर हा एवढा व्रण, मान वळत नाही, अख्खा वळतो म्हणे. तबरेझच्या फिदायांत त्याचं नाव झालंय. मी त्या खेचरवाल्याला तिथंच मिठी मारणार होते, डोक्यावरची चादर सावरली.

मिर्झाला सांगायला गेले तर तो पडद्यामागे भाकरी खात बसलेला. भर रोज्यात! दरवर्षीचंच त्याचं. मी दर वर्षी पहारा देते. ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडात घास तसाच. "मला तोंड दाखवायचंय त्याला," म्हणाला.

५ शव्वाल

आले! तबरेझचे फिदाई! पहाटेपासून वेशीवर गोळीबार होता, दुपारी वेस पडली. हाकिम पागेतल्या बाईची चादर बुरख्यासारखी ओढून पळाला. शिपाई हत्यारं टाकून घराघरांत शिरत होते, लोक त्यांना खेचून बाहेर काढत होते. आमच्या आळीत एकाला बायकांनी मारला. मुसळांनी. पेरी त्यांच्यात होती. मीही दारात उभी होते, मुसळ हातात होतं. मारलं नाही. त्याला मारायला जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी एवाझ आला. खरंच अख्खा वळतो. मी त्याला चापटच मारली आधी — मेल्या, निरोप तरी धाडायचास! "आबजी, हात भारी झालाय तुझा," म्हणाला. बहिणीला आबजीच म्हणतो अजून. मिर्झा कुबड्यांवर उठून उभा राहिला. एवाझनं त्याला कवेत घेतलं. "तुम्हाला फसवलं, आम्हालाही फसवलं, मिर्झा. आपण दोघांनी त्या पुस्तकाचं चुंबन घेतलं होतं." मिर्झाचा चेहरा मी बघितला. तो काहीतरी सांगणार होता. मी मधेच चहा आणला.

दोघंही एका सतरंजीवर बसून चहा पीत होते. दोघंही! मला आणखी काही नको.

७ शव्वाल

चौकात फास. हाकिमाचा कारकून, दोन मुल्ला, भट्टीच्या दारावर दोर बांधणारा तो जल्लाद, एक धान्यवाला. धान्यवाल्यानं काय केलं होतं कुणालाच ठाऊक नाही.

८ शव्वाल

मिर्झा आज चौकात गेला. कुबड्यांवर, एकटा. फासाखाली खुर्ची मांडून बसला! "खटला चालवा, मग फाशी द्या. मी स्वतः सरकारी बाजू मांडतो. पण खटला हवा." फिदाई हसून हसून बेजार. चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलला आणि वाजतगाजत घरी आणून ठेवला. पुढं कुणीतरी मेंढीसारखं बें बें करत होतं. मिर्झा खुर्चीत ताठ बसून, जणू ठरावच वाचतोय.

मला त्या चौघांचे गळे धरावेसे वाटले.

९ शव्वाल

एवाझ जेवायला आला दुपारी. मिर्झा शाळेत, न्यायालयाचे नियम लिहीत बसलेला. मी मटणाचं आबगोश्त केलं होतं, मन लावून. एवाझ भाकरी कुस्करून घालत होता आणि बोलत होता. "आबजी, तुझ्या मिर्झाला बांधून ठेव घरात. पोरं हसतात. मी काही बोलत नाही, कारण माणूस सरळ आहे. पण किती भोळा असावा! म्हातारी बाईसुद्धा नसते. पुस्तक बघितलं आणि विरघळला."

सकाळपासून गल्लीत मेंढरू मेंढरू ऐकत होते. कालची ती खुर्ची डोळ्यांपुढून जात नव्हती. आणि हा, माझा स्वतःचा भाऊ, माझ्याच ताटात जेवता जेवता! माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भोळा? तो? तुमच्या सगळ्या फौजेत मिळून नाही तेवढी अक्कल त्याच्या करंगळीत आहे! पुस्तकाला भुलायला तो काय इमामवेर्दी आहे? तो मानतच नाही ते, कधीच मानलं नाही. त्यानं विचार केला होता — लोकमताचा, राजकारणाचा. तुमच्या टाळक्यात न शिरणारा. अंदाज चुकला, ते वेगळं. पण भोळा म्हणायचं नाही माझ्या नवऱ्याला!"

एवाझनं चावणं थांबवलं. "मानत नव्हता?"

"नाही."

"आणि आम्ही मानतो हे त्याला ठाऊक होतं."

"म्हणून तर—" म्हटलं, आणि थांबले.

त्यानं ताट पुसून खाल्लं. आबगोश्त झकास झालंय, आईच्या हातचं वाटलं, म्हणाला. दारात अख्खा वळून माझ्याकडे बघितलं आणि गेला.

जरा जास्तच बोलले का मी? असो. भाऊच तो. आता तरी मेंढरू म्हणणार नाहीत.

१० शव्वाल

एवाझ आला. एकटाच. म्हणाला, "आबजी, मिर्झाला घरी आणतायत. शाळेच्या भिंतीशी उभा केला होता. मीच घातली गोळी, दुसऱ्या कुणाला सांगवेना."

मी विचारलं, "त्यानं खटला मागितला?"

"मागितला."

मग त्यानं धुवायला हात पुढे केले. मी तांब्या आणला आणि पाणी घातलं.